फोकस फडफडतो तेव्हा दोष कोठे शोधावा?

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० वरील चर्चा बहुतांशी विजेच्या तासांभोवती फिरते आणि ती वीज विहिरीपर्यंत किती दाबाने पोहोचते, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. नरखेड तालुक्याच्या संत्रापट्ट्यात बागेच्या कडेला किंवा गोठ्यासमोर लावलेला एलईडी फोकस, ज्याला जुन्या सवयीने अजूनही हॅलोजन म्हटले जाते, फडफडू लागला की प्रथम दिवा बदलला जातो. वास्तविक पुष्कळदा दोष तारेत असतो आणि नवा दिवाही काही दिवसांत तसाच फडफडतो.

जुन्या बल्बमधील तापलेली तार क्षणभर वीज कमी झाली तरी उजळ राहते. एलईडीत असा उष्णतेचा साठा नसल्याने प्रवाहातील प्रत्येक चढउतार प्रकाशात तत्काळ उमटतो. तो थोपवण्याचे काम ड्रायव्हर, म्हणजे एसी विजेपासून स्थिर डीसी प्रवाह तयार करणारे मंडल, करीत असतो. मात्र दाब त्याच्या मर्यादेखाली गेला की अनेक ड्रायव्हर बंद पडतात, पुन्हा सुरू होऊ पाहतात आणि दिवा ठराविक अंतराने लुकलुकतो.

या ठिकाणी थोडे गणित आवश्यक आहे. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो, म्हणून मीटरपासून विहीर ३०० मीटर दूर असल्यास जाण्यायेण्याच्या ६०० मीटर तारेत सुमारे ७ ओहम रोध येतो. १०० वॅटचा फोकस जेमतेम अर्धा अँपिअर घेत असल्याने त्याच्यामुळे साडेतीन व्होल्टच घटतात. पण त्याच तारेवर १० अँपिअर घेणारी सिंगल फेज मोटर चालली तर ७० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि २३० पैकी सुमारे १६० उरतात. मोटर सुरू होताना तर प्रवाह कित्येक पट वाढतो. दहा चौरस मिलिमीटरची तार टाकल्यास हीच घट १८ व्होल्टवर येते. ते परवडत नसेल तर स्टार्टरपाशी जोड न घेता फोकससाठी मीटरपासून स्वतंत्र तार ओढावी. दिव्याच्या वॅटची चौकशी करणारा ग्राहक तारेच्या जाडीची करीत नाही, ही या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महाग चूक आहे.

एकच नव्हे तर घरातील सर्व दिवे कमी-जास्त होत असतील, काही मंद आणि काही अवाजवी प्रखर दिसत असतील, तर न्यूट्रल सैल झाल्याची शक्यता असते. अशा वेळी मेन स्विच बंद करून लाइनमनला बोलवावे, कारण उपकरणांवर दुप्पटीच्या जवळपास दाब येऊ शकतो.

मोटर बंद असताना आणि दाब योग्य असतानाही फडफड राहिली तरच दिवा उघडावा. ड्रायव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे प्रवाह सपाट ठेवणारा विद्युत-साठा, उष्णतेने सुकतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते आणि विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याखाली लावलेल्या बंदिस्त फोकसला हा हिशेब जड जातो. पावसाळ्यात तार शिरण्याच्या जागेतून ओल आत जाते. स्वतंत्र ड्रायव्हर असल्यास त्याच प्रवाहाचा आणि दाबाचा नवा बसवता येतो.

डोळ्यांना न जाणवणारी फडफड अधिक घातक आहे. प्रवाह नीट सपाट न करणाऱ्या स्वस्त दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात त्याचे काळे पट्टे दिसतात. अशा प्रकाशात १४४० फेऱ्यांच्या मोटरीवरील चार आऱ्यांचे चाक सेकंदाला एक फेरा या गतीने उलटे सरकताना दिसते, म्हणजे हात तोडू शकणारा वेग डोळ्यांना मंद भासतो. मळणी यंत्राजवळ अशा दिव्यासोबत तारेचा जुना बल्ब ठेवावा किंवा तीन फेजवर तीन फोकस जोडून घ्यावेत, म्हणजे एकाचा अंधार दुसऱ्याच्या उजेडाने भरून निघतो.