श्रेयनामावलीच्या आधीचे चेहरे

१९४२ साली दोन मुली कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पहिली मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये, ‘बसंत’ चित्रपटात मुमताज शांतीच्या मुलीचं काम करणारी नऊ वर्षांची बेबी मुमताज. दुसरी नवयुगच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये. स्नेहप्रभा प्रधान नायिका असलेल्या त्या चित्रपटात छोटी भूमिका करणारी ही बारा-तेरा वर्षांची मुलगी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वडिलांना, मास्टर दीनानाथांना मुकली होती. सात वर्षांनी त्याच बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’मध्ये या दोघी एकत्र आल्या. पडद्यावर पहिली, मधुबाला या नावानं. गळा दुसरीचा, लता मंगेशकरांचा. आणि गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं गेलं ते ‘कामिनी’, म्हणजे कथेतल्या पात्राचं.

जुने चित्रपट पाहताना ओळखीचा चेहरा अचानक दिसतो, तेव्हा आपण आनंदानं ओरडतो, शेजारच्याला दाखवतो आणि कथेकडे वळतो. मला वाटतं, तिथे थोडं थांबायला हवं. तो माणूस त्या दिवशी तिथे कसा पोहोचला, याचं उत्तर शोधलं की आपल्या चित्रपटधंद्याची घडण दिसू लागते.

लताबाईंचंच पाहा. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये त्या पगारी नोकरीला होत्या. ‘माझं बाळ’ (१९४३), ‘गजाभाऊ’, ‘जीवनयात्रा’, ‘सुभद्रा’ (दोन्ही १९४६) अशा चित्रपटांत त्या दिसतात. मेकअप करणं, दिव्यांखाली उभं राहणं, सांगेल तसं हसणं-रडणं त्यांना मुळीच आवडत नव्हतं, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. पण घरात पाच भावंडं आणि आई, आणि कमावणारी ही थोरली. १९४५ चा ‘बडी माँ’ मला या सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यात नायिका नूरजहाँ आहे, छोट्या भूमिकेत लता आहे आणि लहानगी आशाही आहे. फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेली आणि पुढची कित्येक दशकं हिंदी चित्रपटात या दोन बहिणींचाच सूर राहिला. ‘बडी माँ’ लागला तेव्हा लोक अर्थातच नूरजहाँसाठी तिकीट काढत होते.

अशा भूमिका घडल्या त्या स्टुडिओच्या पगारी पद्धतीमुळे. आज नटाला भूमिकेचे पैसे मिळतात, तेव्हा माणसाला महिन्याचा पगार मिळायचा आणि मग जे पडेल ते काम. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करणाऱ्या शांताराम वणकुद्रे या पोराला बाबूराव पेंटरांनी ‘सुरेखा हरण’मध्ये (१९२१) कृष्ण केलं. ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) तो तरुण शेतकरी झाला. पुढचे व्ही. शांताराम या कामांतून तयार झाले. १९२९ मध्ये शांताराम आणि त्यांच्या सोबत्यांची ‘प्रभात’ उभी राहिली तेव्हा हीच रीत तिथेही आली.

म्हणूनच गुरुदत्त सापडतात ते प्रभातच्या खात्यावर. उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात नाच शिकून हा तरुण १९४४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर पुण्यात आला. विश्राम बेडेकरांच्या ‘लाखारानी’त (१९४५) त्यानं साहाय्यकाचं काम केलं आणि एक छोटी भूमिकाही निभावली. ‘हम एक हैं’मध्ये (१९४६) नाच बसवले. त्या चित्रपटातून पदार्पण करणाऱ्या देव आनंदशी इथेच दोस्ती झाली, आणि ‘बाझी’ (१९५१) त्याच दोस्तीतून आला. ज्यांना ‘प्यासा’ पाठ आहे त्यांनी ‘लाखारानी’च्या काळातला गुरुदत्त समजून घ्यायला हवा. दिग्दर्शकाला नटाच्या जागी उभं राहून कॅमेरा कसा वाटतो, हे त्याला तेव्हाच कळलं असावं.

प्रत्येकाला ही पहिली ओळख हवीहवीशी असते असं नाही. दुर्गा खोट्यांनी १९३१ साली ‘फरेबी जाल’मध्ये अगदी थोड्या वेळाची भूमिका केली. चांगल्या घरच्या, शिकलेल्या बाईनं पडद्यावर येणं हीच तेव्हा खळबळ होती. त्यात चित्रपट सुमार निघाला आणि टीकेचा सगळा मारा त्यांच्या वाट्याला आला. गरजेपोटी केलेलं काम होतं ते. पण तेच पाहून शांतारामांनी त्यांना ‘अयोध्येचा राजा’साठी (१९३२) बोलावलं आणि तारामती उभी राहिली. त्यांच्या आत्मचरित्रातली ही पानं वाचल्यावर अशा जुन्या भूमिकेकडे केवळ गंमत म्हणून पाहणं मला जमत नाही.

ओळख पटवायची कशी, हा पुढचा प्रश्न, आणि यात ढिलाई फार चालते. चेहऱ्यावर भिस्त ठेवू नये. धूसर प्रतीत पाच माणसांपैकी दोघं कुणासारखे तरी दिसतातच. आधी जन्मसाल आणि चित्रीकरणाचं साल जुळवावं. मग ती व्यक्ती त्या वेळी त्या कंपनीत, त्या गावात होती का ते पाहावं. श्रेयनामावलीत नाव बदललेलं असतं: बेबी मुमताजची मधुबाला झाली, बेबी मीनाची मीनाकुमारी. चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका इथे फार कामाला येतात. आणि शेवटी माणसाचा स्वतःचा शब्द. नसीरुद्दीन शाह ‘अमन’मध्ये (१९६७) राजेंद्रकुमारच्या अंत्ययात्रेच्या गर्दीत आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे ते त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं म्हणून. कधी तर चेहरा शोधून उपयोगच नसतो. गिरगावातल्या खोट्या दागिन्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा शांतारामांच्या राजकमल स्टुडिओत माल पोहोचवायला जायचा. ‘नवरंग’मध्ये (१९५९) तो नायिका संध्याबाईंची डमी म्हणून उभा राहिला. तो जितेंद्र.

मूळ फिल्म टिकली असेल तर हे सगळं. मूकपटांच्या काळात आपल्याकडे १३०० हून अधिक चित्रपट झाले, आणि त्यातले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच, तेही बहुतेक तुकड्यांत, उरले आहेत. १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज पाहता येत नाही. नायट्रेटच्या रिळांतली चांदी काढण्यासाठी ती वितळवली गेली, काही नुसती कुजली. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं मिळवली, म्हणून जे आहे ते आहे. तरीही जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेटचा मोठा साठा गेला. त्या आगीत किती चेहरे गेले असतील, या विचारानं मला आजही त्रास होतो.

स्टुडिओ बुडाले, पगारी पद्धत संपली, आणि नवी वाट निघाली ती नाट्यशाळा आणि फिल्म इन्स्टिट्यूटमधून. स्मिता पाटील दूरदर्शनवर मराठी बातम्या देत होत्या तेव्हाच अरुण खोपकरांच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका-चित्रपटात आल्या. ओम पुरी ‘घाशीराम कोतवाल’च्या (१९७६) मराठी चित्रपटात आहेत. ‘सलाम बॉम्बे’त (१९८८) फुटपाथवर बसून पैसे घेऊन पत्र लिहून देणारा तरुण म्हणजे इरफान खान. त्याला खरं तर मोठी भूमिका मिळायची होती, ती हुकली. नवाजुद्दीन सिद्दीकी १९९९ च्या ‘शूल’मध्ये वेटर आहे.

मला मात्र परत परत ‘झनक झनक पायल बाजे’कडे (१९५५) जावंसं वाटतं. त्यातल्या समूहनृत्यात संध्याबाईंच्या मागे जयश्री गडकर आहेत, तेरा वर्षांच्या. चार वर्षांनी ‘सांगत्ये ऐका’ आला आणि हे नाव घराघरांत गेलं. त्यामुळे त्या नाचात आता आपण एकीलाच शोधतो. पण त्याच ठेक्यावर, तितक्याच मेहनतीनं पावलं टाकणाऱ्या बाकीच्या मुली कोण होत्या? श्रेयनामावलीत त्यांना जागा नाही. ज्युनिअर आर्टिस्टच्या जुन्या हजेरीवह्या कुणी जपल्या असतील तर त्यात, किंवा एखाद्या घरातल्या स्टिल फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेल्या नावांत त्या सापडतील. त्यांतल्या ज्या हयात असतील त्या आज ऐंशीच्या पुढे आहेत. तो फोटो हातात घेऊन त्यांच्या शेजारी बसायला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारायला कुणीतरी जायला हवं, आणि या एक-दोन वर्षांतच जायला हवं.