पटाबाहेरची मुलं

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, निकष बदलले आणि वीसच्या आतला पट असलेल्या शाळांच्या पोटात गोळा आला. आमच्या मालवण-देवगड पट्ट्यात अशा शाळा शोधाव्या लागत नाहीत. त्यातल्या काही शाळांत दिवाळीनंतर बाकांवर दिसतात ती बहुतेक आंब्याच्या बागांतल्या नेपाळी राखणदारांची पोरं. ती बाराखडी गिरवतात, खिचडी खातात, मालवणीत भांडतात. पण ज्याचं आधार वैध नाही तो विद्यार्थी संच मान्यतेत धरायचा नाही, असा हिशेब. म्हणजे वर्गात बसलेली मुलं वेगळी आणि मोजलेली वेगळी. गुरुजींची बदली ठरते ती मोजलेल्यांवरून.

हे पाहिलं आणि मागचं सगळं उफाळून आलं.

फार मागचं थोडक्यात आटोपतो, कारण ते सत्कार समारंभांच्या भाषणांत ऐकून कान किटलेत. कोकणातल्या शाळा मुंबईच्या पैशावर उभ्या राहिल्या. मालवणच्या टोपीवाला हायस्कूलचं नावच मुंबईत व्यापार करून मोठ्या झालेल्या माणसाचं. गिरणगावात गाळ्यावर राहणाऱ्यांनी मंडळं काढली, वर्गण्या जमवल्या, गावच्या शाळेवर कौलं चढवली. ८२ च्या गिरणी संपानं मनिऑर्डरी आटल्या, तरी आमच्या पिढीची फी कुठून कुठून भरली गेली. आम्ही स्थलांतरितांचीच पोरं. हे वाक्य मात्र त्या भाषणांत कधी आलं नाही.

मग १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. कातळावर सुरुंग लावून कलमं लागली, आणि ती राखायच्या वयाची पोरं मुंबई-गोव्याला गेली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. चाकरमान्यांसाठी मागितलेल्या त्याच गाडीनं परमुलखातले मजूरही बागांत येऊ लागले. मोहोराच्या आधी यायचं, मांगरात संसार मांडायचा, फवारणीचे पंप ओढायचे, रात्री राखण करायची, शेवटची पेटी भरली की पावसाआधी परतायचं. सोबत बायको, आणि दोन-तीन लेकरं.

त्यापुढचं दशक माझं. तेव्हा राज्यात इतरत्र बरंच काही चाललं होतं. औरंगाबादच्या ‘जनार्थ’च्या साखरशाळा कारखान्यांच्या तळांवर भरत होत्या. वसईकडे ‘विधायक संसद’नं वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या होत्या. कोल्हापुरात ‘अवनि’ होती. त्याच्या कितीतरी आधी कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरवली होती. या सगळ्यांची रीत एकच: मूल असेल तिथे आणि काम असेल त्या महिन्यांत शाळा. वैभववाडीचा ऊस करूळ घाट चढून गगनबावड्याच्या कारखान्याकडे जातो. त्याच्या तोडीला आलेल्या टोळीची पोरं पाहून आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, मग आपल्या बागांतल्यांचं काय?

आम्ही तिघा-चौघांनी वर्ग काढला. सकाळी पोरं माकडं हाकायला, म्हणून वर्ग दुपारी. नेपाळीची लिपीही देवनागरीच, तेव्हा इथे शिकलेलं अक्षर तिकडे घरी चालायचं. पोरगं बापाला नेपाळी वर्तमानपत्राचा मथळा वाचून दाखवी. खरी पंचाईत पंचांगाची. आपली शाळा जूनमध्ये सुरू, तेव्हा ही कुटुंबं गावी भातलावणीला. त्यांच्याकडचं शालेय वर्ष वैशाखात सुरू होतं, तेव्हा ती इथे काढणीत. दोन्ही देशांत त्या पोराचा पहिला धडा बुडालेला आणि तिकडची परीक्षाही चुकलेली. दाखला द्यायचा अधिकार आम्हाला नव्हता. जाताना वहीच्या पहिल्या पानावर काय काय शिकवलं ते लिहून द्यायचो, तिथला मास्तर वाचील या आशेवर.

पैसा? थोडा मुंबईकरांकडून आला. एका ग्रामस्थ मंडळानं मात्र सभामंडपाच्या फरशीला हात सैल सोडला आणि आम्हाला सुनावलं, ‘आपल्या पोरांना द्या, गुरख्यांच्या कशाला?’ शहरातून एक देणगीदार संस्था आली, पोरांना टोप्या घालून फोटो काढले, तीन वर्षांनी ‘प्रकल्प पूर्ण’ म्हणून गेली. पोरं पूर्ण झाली नव्हती. आणि एक बागायतदार, ज्यांच्या मोकळ्या मांगरात आम्ही फक्त दुपारचे दोन तास मागत होतो, ते म्हणाले, ‘ह्यो शिकलो तर माकडां कोण हाकतलो?’ निदान खरं बोलले.

१ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आम्ही पेढे वाटले. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, वयानुसार वर्गात प्रवेश. आणखी काय हवं? त्याच कायद्यात मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आहे. घाटावर साखरशाळांवर गंडांतर आलं ते मान्यतेच्याच मुद्द्यावर: मुलं जवळच्या शाळेत घाला, वेगळी शाळा नको. आमच्याकडेही एका साहेबांनी तेच कलम बोटानं दाखवलं. वर्ग म्हणजे शाळा नव्हे, हे सांगून आम्ही दमलो. मास्तर थकले होते, देणग्या आटल्या होत्या. वर्ग मिटला.

सरकारनं नंतर काहीच केलं नाही असं नाही. बीडकडे हंगामी वसतिगृहं निघाली: आईबाप तोडीला, पोर गावातच. शिक्षण हमी कार्ड आलं, म्हणजे पोर जिल्हा बदलेल तिथल्या शाळेनं ते पाहून घ्यावं. दोन्ही सोयी, चालल्या तिथे, उपयोगीच. पण दोन्हींत धरून चाललंय की पोराचं गाव महाराष्ट्रात आहे. ज्याचं गाव काठमांडूच्याही पलीकडे, त्याला कार्ड कुठली शाळा देणार? आणि वसतिगृह कुठे काढणार? जवळच्या शाळेत घाला, हे उत्तर आम्ही मान्य केलं होतं. आता त्या जवळच्या शाळेतच एक शिक्षक उरतोय, तोही निम्मा वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात.

गेल्या दिवाळीत त्याच बागायतदारांचा फोन आला. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, भाव चढले, पण राखणीला माणूस टिकत नाही. नेपाळी जोडपी आता आधी विचारतात, शाळा किती लांब? वाडीतली शाळा बंद पडायच्या बेताला आली, तेव्हा त्यांचं जुनं कुटुंब सरळ रत्नागिरीकडच्या बागेत गेलं. ‘तुमचो तो वर्ग परत सुरू करा मा,’ म्हणाले. ‘मांगर देतंय. खर्च पण मी करतंय.’

मी त्यांना दंडाची रक्कम सांगितली.