डिझेल इंजिन बसविलेल्या जुन्या फोर-व्हील जीपचे ॲव्हरेज



नृसिंहवाडीच्या आसपास ज्यांची शेती कृष्णा-पंचगंगेच्या मळीत आहे, त्यांना फोर-व्हील गाडी कशासाठी लागते हे वेगळे सांगावयास नको. पावसाळ्यात पाणंदीत गुडघाभर काळा चिखल होतो. पूर ओसरल्यावर त्यावर वीतभर गाळ बसतो. साधा टेम्पो डांबरी रस्त्यावर थांबतो आणि वांग्याच्या पाट्या डोक्यावरून तिथपर्यंत न्याव्या लागतात. म्हणून शिरोळ तालुक्यात अजूनही अनेक गोठ्यांशेजारी जुनी जीप उभी दिसते. यांपैकी कित्येक गाड्यांचे मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच निघाले असून त्या जागी डिझेल इंजिन बसलेले आहे.

मी यंत्र अभियंता नाही, कृषिविद्येचा अध्यापक आहे. परंतु उत्पादन खर्च काढताना खत, बियाणे आणि मजुरी आपण पैशापर्यंत मांडतो आणि वाहतुकीपुढे मात्र ‘घरची गाडी’ असे लिहून मोकळे होतो, हे मला नेहमी खटकते. आमच्या घरच्या जीपवरही तेच होत होते. तिचा हिशेब करताना जे शिकावयास मिळाले ते या लेखात मांडत आहे.

ही गाडी आली कोठून?

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे बरीच वर्षे या जीपला सुमारे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन येत असे. १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि डिझेल स्वस्त राहिले, त्यामुळे इंजिन बदलण्याची लाट आली. कोणी महिंद्रच्या डिझेल जीपमधील प्यूजो जातीचे २११२ घन सेंटिमीटरचे इंजिन बसविले, तर कोणी मॅटॅडोर टेम्पोचे ‘ओ. एम. ६१६’ हे सुमारे २.४ लिटरचे इंजिन. जबलपूरच्या कारखान्यात १९९९ पर्यंत तयार झालेली लष्करी ‘जोंगा’ लिलावात घेऊन तिच्या सहा सिलिंडरच्या, जवळजवळ ४ लिटरच्या पेट्रोल इंजिनाऐवजी डिझेल बसविणारेही आहेत.

त्या काळी फायदा दुहेरी होता. डिझेल स्वस्त होते आणि इंजिन कमी पीत होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पहिला फायदा बराचसा गेला. आता जे काही वाचवावयाचे ते गाडीच्या ॲव्हरेजमधूनच वाचवावे लागेल.

आधी मोजावे

‘आमची गाडी बाराचे देते’ असे आपण सांगतो, तो आकडा बहुधा इंजिन बसविल्याच्या वर्षीचा असतो. मोजण्याची पद्धत सोपी आहे. टाकी तोंडापर्यंत भरावी, मीटरचा आकडा लिहावा, नेहमीप्रमाणे आठवडाभर गाडी वापरावी आणि त्याच पंपावर, त्याच सपाट जागी पुन्हा तोंडापर्यंत भरावी. झालेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर म्हणजे ॲव्हरेज. एका वेळेवर विसंबू नये. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी.

येथे एक खोच आहे. जुन्या जीपला मूळचे टायर ६.००-१६ मापाचे असत. चिखलासाठी आपण अनेकदा ७.००-१६ बसवितो. हा टायर मोठा असल्याने एका फेरीत सुमारे ८ टक्के जास्त अंतर कापतो. मीटर मात्र जुन्याच हिशेबाने चालतो आणि किलोमीटर कमी दाखवितो. म्हणून रस्त्यावरील दगडांप्रमाणे १० किलोमीटर जाऊन मीटर पाहावा. मीटरवर ९.२ आले तर प्रत्येक आकड्याला १.०९ ने गुणावे.

आमच्या जीपला वडिलांनी १९९५ साली मॅटॅडोरचे इंजिन बसविले. बारा-साडेबाराचे ॲव्हरेज आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. २०१७ मध्ये मी मोजले तेव्हा ८.५ आले. टायरची दुरुस्ती धरली तरी सव्वानऊच. इंजिन थकले, नवीन बसवा, असा सल्ला मिळाला. इंजिन उघडण्याआधी बाकीचे तपासू, असे थोरल्या भावाने ठरविले आणि ते बरे झाले.

इंजिनाभोवतीच्या चुका

पेट्रोल इंजिनात पेडल सोडले की हवाही कमी जाते. डिझेल इंजिन मात्र प्रत्येक वेळी पूर्ण हवा ओढते आणि पेडलने फक्त डिझेल कमी-जास्त होते. डिझेल कमी पिते याचे हे एक मोठे कारण आहे. परंतु हवाच पुरली नाही तर तेच डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो. इंजिन बदलताना अनेकदा पेट्रोल जीपचा लहान एअर फिल्टर आणि अरुंद सायलेन्सर तसाच ठेवला जातो. डिझेल इंजिनाच्या मापाचाच फिल्टर बसवावा. ऑइल बाथ फिल्टर असेल तर ऊस वाहतुकीच्या हंगामात, जेव्हा पाणंदीत फुफाटा उडतो, त्यातील तेल आठवड्यातून एकदा पाहावे. तळाशी गाळ साचला असल्यास बदलावे.

दुसरी चूक म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. गाडी तापते म्हणून मिस्त्री तो काढतात आणि आपणही मान डोलावतो. मग इंजिन कधीच पुरेसे गरम होत नाही, विशेषतः वाडी ते जयसिंगपूर एवढ्याशा फेरीत. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, तेल घट्ट राहते आणि घर्षण वाढते. आमच्या गाडीतही थर्मोस्टॅट नव्हता. गाडी तापण्याचे खरे कारण रेडिएटरच्या जाळीत अडकलेले पाचट आणि ढिला फॅन बेल्ट हे होते. रेडिएटर धुऊन, बेल्ट ताणून थर्मोस्टॅट पुन्हा बसविला.

तिसरी चूक पंपाची. चढाला ओढ कमी पडते म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविले जाते. हवा तेवढीच असल्याने वाढीव डिझेल धूर होऊन जाते आणि पिस्टनवर काजळी बसते. पंप आणि नोझल यांचे काम बाकावर, कंपनीच्या मापाप्रमाणे कॅलिब्रेशन करणाऱ्याकडेच द्यावे. धुराचा रंग ओळखावयास शिकावे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. गरम इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडत आहे: नोझल गळते, टायमिंग चुकले आहे किंवा कॉम्प्रेशन उतरले आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. फक्त या शेवटच्या प्रकारात, किंवा कॉम्प्रेशन उतरलेले असल्यास, इंजिन उघडण्याचा विचार करावा.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा ‘उपाय’ अजूनही कोठे कोठे सांगितला जातो. पंपाचे वंगण डिझेलनेच होते. रॉकेल मिसळल्यास पंप घासतो. शिवाय ते बेकायदेशीर आहे.

डिफरन्शियल बदलावा काय?

ॲव्हरेजच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. जुन्या पेट्रोल जीपच्या डिफरन्शियलचा रेशो ५.३८ असे, म्हणजे चाकाच्या एका फेरीला टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या ५.३८ फेऱ्या. ६.००-१६ टायर एका फेरीत सुमारे २.२ मीटर जातो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाच्या ४५५ फेऱ्या आणि इंजिनाच्या सुमारे २४५० फेऱ्या. ताशी ८० ला हाच आकडा ३२५० च्या पुढे जातो. ही इंजिने साधारण २००० ते २४०० फेऱ्यांच्या टप्प्यात, बऱ्यापैकी ओझे असताना कमी डिझेलमध्ये जास्त काम करतात. म्हणून ४.२७ चा रेशो बसवावा असे सुचविले जाते. त्याने ८० च्या वेगाला फेऱ्या सुमारे २६०० वर येतात.

हिशेब बरोबर आहे, पण तो आपला आहे काय हे पाहावे. रोज पुण्या-मुंबईकडे धावणाऱ्या गाडीला हा खर्च परवडेल. पाणंदीतून निघून शिरोळ, जयसिंगपूर किंवा फार तर सांगलीपर्यंत पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला त्यातून फारसे काही मिळणार नाही. मोठ्या टायरने फेऱ्या आधीच थोड्या उतरलेल्या असतात. उलट चिखलात भरल्या गाडीला ओढ कमी पडेल. माझ्या मते आपल्या भागातील शेतकऱ्याने या भरीस पडू नये.

तरीही बदलावयाचा असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही एकाच रेशोचे करावे. खर्च वाचविण्यासाठी फक्त मागचा बदलल्यास फोर-व्हील लावताक्षणी पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केस फुटते.

इंजिन बदल आर. सी. पुस्तकावर नोंदविलेला असणेही आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा इंजिन क्रमांक जुळला नाही तर गाडी अडते.

फोर-व्हील केव्हा लावावी?

या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. चिखलात चाक घसरून हा फरक भरून निघतो. डांबरी रस्त्यावर तो भरून निघत नाही आणि सगळी यंत्रणा पीळ पडल्यासारखी ताणली जाते. डिझेल जाते, टायर झिजतात आणि लिव्हर अडकून बसतो. असा लिव्हर ठोकू नये. गाडी थोडी मागे घ्यावी म्हणजे तो सुटतो. पाणंद संपून डांबर लागले की प्रथम फोर-व्हील काढण्याची सवय चालविणाऱ्या प्रत्येकास लावावी. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत.

चिखलात जाताना टायरमधील हवा थोडी कमी केली तर पकड वाढते. रस्त्यावर आल्यावर ती पुन्हा भरली नाही तर प्रत्येक किलोमीटरला डिझेल जास्त लागते. त्यासाठी गाडीत पायपंप आणि गेज ठेवावे. खोल खाचांचे लष्करी पद्धतीचे टायर तसेही रस्त्यावर जड चालतात. ब्रेक धरून राहत नाहीत ना, हेही पाहावे. सपाट जागी न्यूट्रलमध्ये एका माणसाला गाडी ढकलता आली पाहिजे. आमच्या गाडीचे मागील डावे चाक दोघांनी ढकलूनही रेटत नव्हते. ड्रममध्ये गाळ साचून ब्रेक धरला गेला होता.

थर्मोस्टॅट, ब्रेक, एअर फिल्टर आणि पंपाचे कॅलिब्रेशन एवढ्यावर आमचे ॲव्हरेज सव्वानऊवरून साडेअकरावर आले. रोजचे ४० किलोमीटर धरल्यास दिवसाला सुमारे ०.८५ लिटर वाचले. डिझेलचा दर ९० रुपये धरून वर्षातील २५० दिवसांचे सुमारे १९ हजार रुपये होतात.

पुरात बुडालेली गाडी

एवढे करूनही ही जीप आम्ही जवळजवळ गमावली, ती ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. माणसे आणि जनावरे हलविण्यात गाडी गोठ्याशेजारीच राहिली आणि कित्येक दिवस बैठकीपर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर आम्ही एक गोष्ट योग्य केली: सेल्फ मारला नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरविल्यास पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडावी, नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे आणि पाणी बाहेर काढावे. इंजिन ऑइल व फिल्टर बदलून गाडी थोडा वेळ चालवावी आणि ऑइल पुन्हा एकदा बदलावे. टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी, कारण पाणी डिझेलखाली तळाशी बसते आणि पंपात गेले की त्याचे बारीक भाग गंजतात.

हे सर्व केले. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचे तेलही बदलले. पुढच्या डिफरन्शियलला कोणी हात लावला नाही, कारण ‘पुढचा वापरात कुठे असतो?’ वास्तविक लॉकिंग हब नसलेल्या जीपमध्ये फोर-व्हील काढलेली असली तरी पुढचे एक्सल आणि शाफ्ट चाकाबरोबर सतत फिरत असतात. गरम हाऊसिंग थंड पाण्यात बुडाले की श्वासनळीवाटे आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. डिसेंबरमध्ये ॲव्हरेज पुन्हा दहाच्या खाली आले. वहीत तो आकडा दिसत होता, पण आम्ही हिवाळ्यावर ढकलले. जानेवारीत मालाने भरलेली गाडी चढावर असताना पुढचे बेअरिंग फुटले आणि क्राऊन-पिनियनचे दात गेले. प्लग उघडला तेव्हा दुधाच्या चहासारखे पातळ पाणी-तेल बाहेर आले. जे काम दोन-तीन लिटर तेलात झाले असते, त्याला वर्षभराच्या बचतीहून अधिक पैसे लागले आणि ऐन हंगामात तीन आठवडे भाड्याच्या गाडीने माल न्यावा लागला.

म्हणून ज्यांची गाडी पाण्यात गेली असेल, मग ती चाकाच्या मधोमधपर्यंतच का असेना, त्यांनी पुढचे व मागचे डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स या चारही ठिकाणचे प्लग उघडून पाहावेत. तेल दुधाळ दिसल्यास ते काढून, नवीन भरून, शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे. चारही चाकांची बेअरिंगे काढून रॉकेलने धुवावीत, वाळवावीत आणि नवे ग्रीस भरावे. श्वासनळीला रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंच बांधावे. हे काम गावातील कोणताही मिस्त्री करू शकेल.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणद्वार झाले की आपल्याकडे स्नानाला गर्दी होते. आमच्या घरी आता त्याच दिवशी जीप जयसिंगपूरला पाहुण्यांच्या दारी नेऊन लावतात. कुरुंदवाड आणि शिरोळकडचे रस्ते पाण्याखाली जाण्यापूर्वी ती बाहेर पडलेली असते.