गंजलेली पद्मिनी घ्यायची का?
दोस्तांनो, बाबांना कुठे जुनी प्रीमियर पद्मिनी दिसली आणि ते म्हणाले, “घेऊन दुरुस्त करू या,” तर लगेच टाळ्या पिटू नका हं! मुंबईत 2023 पर्यंत टॅक्सी म्हणून धावली ती हीच. इंजिन 1089 सी.सी.चं, साधंसोपं, ते खोलून पुन्हा जोडता येतं. खरी भीती पत्र्याची! या गाडीला खाली वेगळी चौकट नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून आधी पायाखालची मॅटिंग उचलून बघा. मग दाराखालच्या पट्टीवर प्रयोगपेटीतला लोहचुंबक फिरवा. चिकटला नाही, तर रंगाखाली लांबी भरलीय समजा! तिथला पत्रा कुजला असेल, तर फुकटातली गाडीही महागच. गंज नुसता वरवरचा असेल आणि आर.सी. बुक धड असेल, तर खुशाल ‘हो’ म्हणा. पॉलिशपेपर घासायला मात्र तुम्हीही बसायचं!