समुद्र आहे, मग मैदान कशाला?

अलिबागमध्ये बागेचा किंवा मैदानाचा विषय काढला की एक उत्तर हमखास येतं: ‘एवढा समुद्र आहे, अजून काय पाहिजे?’ आज या उत्तराचाच हिशेब मांडू या. शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांचा असतो. त्यात एखादी गरज मोजायची राहिली, तर एक पिढी ते भोगते.

आधी आकडा घेऊ. केंद्राच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर खुली जागा सुचवली आहे. 2011 च्या जनगणनेत अलिबाग शहराची लोकसंख्या सुमारे 20 हजार होती. माणशी 10 धरले तरी 20 हेक्टर, म्हणजे जवळपास 50 एकर. किनारा धरला की हा आकडा गाठल्यासारखा वाटतो.

पण भरतीच्या वेळी जाऊन बघा! ओहोटीला जिथून कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातो, ती वाट पाण्याखाली असते. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. ज्या दिवशी ती संध्याकाळी पाचला येईल, त्या दिवशी शाळेतून आलेल्या मुलांनी खेळायचं कुठं? सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची गर्दी, पावसाळ्यात खवळलेला समुद्र. आणि गुडघेदुखीच्या आजींना वाळूत चालवत नाही, ते वेगळंच.

दुसरी फसगत नकाशाची. वरून अलिबाग हिरवंगार दिसतं. पण नारळी-पोफळीच्या वाड्या खासगी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये इथं आणलेली चुंबकीय वेधशाळा घ्या. तिचं आवार आहे ते शास्त्रीय नोंदींसाठी, खेळायला नव्हे. म्हणून पाहणीत तीन रकाने हवेत: मोकळी जागा किती, त्यातली सर्वांना खुली किती, आणि रोज वापरता येणारी किती. तिसरा रकाना खरा.

तो भरायला वॉर्डावॉर्डात फिरावं लागतं. घरापासून दहा मिनिटांच्या चालीत काय आहे? तिथं कोण येतं, यापेक्षा कोण येत नाही? मुली येतात का? आणि पुढचंही बघा. 2020 मध्ये मांडव्याची रो-रो, 2024 मध्ये अटल सेतू. मुंबई जवळ आली. शनिवार-रविवारचे पाहुणे जनगणनेत नसतात, किनाऱ्यावर मात्र असतात.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 127 नुसार, आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नंतरच्या मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपतं. म्हणजे पैशाची तरतूद नसेल, तर नकाशावरचा हिरवा रंग नुसता रंगच.

तेव्हा हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा ‘बाग हवी’ एवढंच लिहू नका. कुठल्या वॉर्डात, कोणासाठी, किती चालीवर आणि कोणत्या वर्षीच्या पैशातून, हे लिहा. अशी सूचना बाजूला सारणं अवघड जातं.