संगणकाच्या पडद्यावरील गुडूची

संगणक व आंतरजाल यांविषयी वैद्यवर्गात आजही दोन टोकांची मते आढळतात. एका पक्षास त्यात शास्त्राचा ऱ्हास दिसतो, तर दुसऱ्यास सर्व प्रश्नांचे उत्तर. शहापूर तालुक्यातील शेणवा येथे व्यवसाय करीत असताना नवे सॉफ्टवेअर दिसले की ते उतरवून घेऊन पाहण्याची आम्हांस जुनी आवड आहे; घरातील मंडळी तिला खोड म्हणतात. त्यांतील बहुतेक महिन्याभरात काढून टाकावी लागली. जी टिकली ती कोणत्या कामास उपयोगी पडली, हे गुडूची या एकाच द्रव्याच्या आधारे सांगण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

गुडूचीच निवडण्यास कारण आहे. आमच्याच तालुक्यातील कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या माध्यमातून, ट्रायफेडच्या वनधन योजनेचे साहाय्य घेऊन, गुळवेल गोळा करून वाळविण्याचा उद्योग उभारला. विक्रीसाठी त्यांनी आंतरजालाचाही आधार घेतला. सन २०२१ मध्ये नामांकित औषध कंपन्यांकडून त्यांस ३५० टन गुळवेलीची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आल्याचे प्रसिद्ध झाले. हिशेब केल्यास किलोमागे सुमारे ४५ रुपये पडतात. जी वेल आपल्या कुंपणावर फुकट चढते तिला बाजारात हा भाव मिळतो, ही वार्ता या भागात चर्चेचा विषय झाली नसती तरच नवल. मागणी वाढली की गोळा करणारे हात वाढतात. आणि हात वाढले की वेल ओळखणाऱ्या नजरा त्याच प्रमाणात वाढतातच असे नाही. औषधनिर्मात्यांनी व औषधी दुकानदारांनी लक्ष द्यावे असा मुद्दा येथेच आहे.

प्रथम ग्रंथांविषयी. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थेने चरक व सुश्रुत या संहिता आणि अनेक निघंटु आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. आमच्या मते वैद्यास लाभलेली ही सर्वांत मोलाची सेवा होय. एक शब्द टंकावा आणि तो ग्रंथात कोठे कोठे आला आहे ते क्षणात समोर यावे, यासाठी पूर्वी आठवडा खर्ची पडत असे. परंतु यंत्र अक्षरे शोधते, अर्थ नव्हे. ‘अमृता’ हा शब्द शोधून पाहावा. गुडूचीबरोबर हरीतकीही हाती येते. ‘वयस्था’ शोधल्यास गोंधळ आणखी वाढतो. कोणत्या संदर्भात कोणते द्रव्य घ्यावयाचे, हे टीका वाचल्यावाचून कळत नाही. म्हणून शोधाचे फलित आम्ही थेट वापरीत नाही. ते केवळ स्थळनिर्देश म्हणून घेतो आणि मूळ ग्रंथ उघडतो. निघंटूंतील पर्याय मात्र एकत्र पाहण्यासारखे आहेत. छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा रुजणारी. चक्रलक्षणिका, म्हणजे आडव्या छेदात चाकासारखी दिसणारी. प्राचीनांनी नावातच ओळख गुंफून ठेविली आहे.

ओळखीचा प्रश्न आज केवळ पांडित्याचा उरलेला नाही. सन २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतविकृती आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे आपली गुडूची, आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद सांगणारे सूचनापत्र काढले. पहिलीचे खोड हिरवट, गाठींविरहित व चीक नसलेले, पाकळ्या सहा, फळ गोल व लाल. दुसरीचे खोड करडे व गाठींनी भरलेले, चीक दुधाळ, पाकळ्या तीन, फळ लांबट व नारिंगी. सर्वच प्रकरणे द्रव्यभ्रमानेच घडली असे म्हणून हात झटकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. मात्रा, काळ व रुग्णाची पूर्वस्थिती यांचाही विचार वैद्यानेच करावयाचा असतो.

वनस्पती ओळखणारी भ्रमणध्वनीवरील सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत. त्यांत फ्रान्समधील संशोधन संस्थांनी सिद्ध केलेले ‘प्लांटनेट’ आम्हांस बरे वाटते, कारण पान, फूल, फळ, खोड यांपैकी कशाचे छायाचित्र दिले आहे, याची ते दखल घेते. पान हृदयाकार दिसले की तेवढ्यावरून मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये. वाळलेल्या तुकड्यांपुढे ते हतबल होते आणि चूर्णाचा तर प्रश्नच नाही. तेथे सूक्ष्मदर्शक व प्रयोगशाळाच हवी.

आमच्या दवाखान्यात सर्वाधिक वापरले जाणारे साधन मात्र अगदी साधे आहे: संगणकावरील हिशेबाचा तक्ता. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर हीन होते असे सांगितले आहे. औषधविषयक नियमांनी दिलेली मुदत याहून पुष्कळ मोठी. तक्त्यात एका रकान्यात चूर्ण कुटल्याचा दिनांक घातला की पुढील रकान्यात त्यात ६० दिवस मिळविले जातात, आणि मुदत जवळ आली की ती ओळ तांबडी होते. त्याच तक्त्यात कोणत्या रुग्णास, कोणत्या पोत्यातील गुडूची, केव्हापासून दिली याची नोंद राहते. उद्या कोणास कावीळ झाली तर ते चूर्ण घेणारे अन्य रुग्ण कोण, हे पाच मिनिटांत कळावे एवढाच त्यामागील हेतू. या नोंदींस संकेतशब्द अवश्य घालावा; रुग्णाची माहिती ही दुकानाची वही नव्हे.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. औषधनिर्मितीच्या परवान्यासाठी सन २०१९ मध्ये सुरू झालेले ‘ई-औषधी’ संकेतस्थळ निर्मात्यांनी समजून घ्यावे. व्याधिनामांच्या संकेतांकांसाठी ‘नमस्ते’ संकेतस्थळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांची व्याधिनामे आपल्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत समाविष्ट केल्यापासून त्याचे महत्त्व वाढले आहे. मराठी टंकलेखनासाठी मात्र युनिकोडच वापरावे. जुन्या अक्षरसंचांत लिहिलेल्या रुग्णपत्रिका आज नव्या संगणकावर उघडल्या की निरर्थक चिन्हांची रांग दिसते.

गुळवेल घेताना आम्ही गोळा करणाऱ्यांकडून व्हॉट्सॲपवर आधी तीन छायाचित्रे मागवितो: उभ्या वेलीचे, ज्या वृक्षावर ती चढली आहे त्या वृक्षासह, ताज्या खोडाच्या सालीचे, आणि आडव्या छेदाचे. निंबावरील वेल असल्यास अधिक बरे. छायाचित्रे पटली की माल मागवावा, आणि माल आल्यावर पोते उघडून, तळातील तुकडे वर घेऊन, ते मोडून, चाखून पाहावेत.