दुपारच्या तासाभरात काय पाहाल?

मैत्रिणींनो, जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, मुलं शाळेतून यायला अजून अवकाश आहे. असा जो दुपारचा तासभर आपल्या वाट्याला येतो, त्याचं आपण काय करतो? पूर्वी विणकाम होतं, मासिक होतं, नाहीतर सरळ एक डुलकी. आता हात आपसूक फोनकडे जातो. त्यात वाईट काहीच नाही. पण फोन उघडल्यावर आपण ठरवलेलं पाहतो, की समोर येईल ते? अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती एकीमागून एक सरकत राहतात, चहाची वेळ होते, आणि काय पाहिलंस असं कुणी विचारलं तर एकही धड आठवत नाही. खरं ना?

तास आपला आहे, तेव्हा निवडही आपली असावी. मी घर सांभाळून अर्धवेळ शिकवते, त्यामुळे माझी कसोटी अगदी साधी आहे. पाहून झाल्यावर हाताला किंवा डोक्याला काही लागलं का? यूट्यूबवरची त्या कसोटीला उतरलेली काही चॅनलं आज तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात स्वयंपाकघरातूनच करू या. मधुरा बाचल यांचं 'मधुराज रेसिपी' तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक असेल. २००९ साली परदेशात राहत असताना त्यांनी हे काम सुरू केलं, आधी इंग्रजीतून, मग मराठीतून. नव्या सुनेला किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला पाठवायला उत्तम, कारण 'अंदाजाने घाला' अशी बोळवण नसते. हिंदी समजत असेल तर निशा मधुलिका पाहा. सगळं शाकाहारी. मुलं घराबाहेर पडल्यावर रिकामपण खायला उठलं, तेव्हा या बाई लिहू लागल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर, २०११ मध्ये, त्यांनी चॅनल काढलं. 'आता या वयात काय शिकायचं' म्हणणाऱ्या वन्संना हे जरूर सांगा!

मला मात्र खरा जिव्हाळा वाटतो तो 'आपली आजी'चा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांना त्यांचा नातू यश पाठक याने कॅमेऱ्यापुढे आणलं. आजींच्या बोलण्यात पुस्तकी शब्द नाही. 'हे असं हलवायचं' म्हणतात आणि हलवून दाखवतात. त्यांची कारल्याची भाजी लाखो लोकांनी पाहिली. २०२० साली कुणा भामट्याने त्यांचं चॅनलच पळवलं होतं, सुदैवाने ते परत मिळालं.

आता मुलांकडे वळू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, बरं का, कारण इथेच सर्वांत जास्त कचरा आहे आणि सोनंही इथेच आहे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अभियंते. पुण्यात आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या छोट्या छोट्या चित्रफिती अनेक भाषांत आहेत, मराठीतही आहेत. त्यांतला काडेपेटीच्या काड्यांचा खेळ घ्या. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे करायचे आणि त्यांत काड्या खोचून आकृत्या जोडायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा, तो तसाच राहतो. चार काड्यांचा चौकोन दाबा, लगेच कलतो. त्यात एक तिरकी काडी बसवली की तोही ताठ! पुलाला आणि पत्र्याच्या छपराला त्रिकोणच का असतात, हे मी फळ्यावर कितीदा तरी काढून दाखवलं असेन, पण मुलांच्या बोटांना ते या काड्यांनी एका मिनिटात समजलं. दुसरा खेळ शीतपेयाच्या नळीच्या पिपाणीचा. टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं, फुंकायचं आणि वाजत असतानाच नळी कात्रीने आखूड करत जायचं. आवाज चढत जातो. घरात गोंगाट होईल, पण होऊ दे.

आठवीच्या पुढच्या गणिताला सलमान खान – नटाबद्दल बोलत नाही हं! – यांची 'खान अकॅडमी' आहे. २००४ साली नात्यातल्या एका मुलीला लांबून गणित शिकवता शिकवता या कामाचं बी पडलं. शिकवणीची फी परवडत नाही अशा घरात याचं मोल मोठं आहे. शिवाय या मास्तरांना दहा वेळा थांबवा, मागे न्या, ते चिडत नाहीत. आम्ही चिडतो.

घरात बाळंतीण असेल तर पुढचं नीट वाचा. मुंबईच्या आयआयटीने स्तनपान आणि बालआहार यांवर शैक्षणिक चित्रफिती केल्या आहेत, 'हेल्थ स्पोकन ट्युटोरियल' या नावाने शोधा. त्या मराठीतही आहेत. 'दूध पुरत नाही' म्हणून आपण लगेच डब्याकडे धावतो. पुष्कळदा अडचण असते ती बाळाच्या पकडीची. बाळाने नुसतं बोंडूक तोंडात धरलं तर आईला दुखतं आणि बाळाला दूध कमी मिळतं. तोंड मोठं उघडून भोवतालचा काळसर भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात जायला हवा. ज्या बाजूला पाजायचं त्याच्या उलट हाताने बाळाचं डोकं आणि अंग कसं सावरावं, हे तिथे बाहुलीवर आणि बाळांवर दाखवलं आहे. सासूबाईंनाही शेजारी बसवून दाखवा, म्हणजे वाद होत नाहीत. वजन वाढत नसेल तर अर्थात डॉक्टर गाठायचाच.

तब्येतीबद्दल बोलतेच आहे तर एक स्पष्ट सांगते. 'इन्सुलिन बंद करा, हा काढा घ्या' असं सांगणारा माणूस कितीही गोड बोलो, ते चॅनल तिथल्या तिथे बंद करा. बोलणारा कोण, शिकलेला काय, आणि खाली कसली बाटली विकतोय, एवढं आधी बघावं. आपण भाजीवालीकडे मेथीची जुडीसुद्धा उलगडून पाहतो की!

पदवी घेतली आणि पुढे शिकायचं राहून गेलं, अशा आपल्यात कितीतरी जणी आहेत. त्यांच्यासाठी 'एनपीटेल'वर आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, आणि सरकारचं 'स्वयम' २०१७ पासून आहे. तिथे इंग्रजी साहित्य, मानसशास्त्र, अर्थशास्त्र असं पुष्कळ मिळतं. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क. संगणकाची धास्ती वाटत असेल तर त्याच मुंबई आयआयटीचं 'स्पोकन ट्युटोरियल' मराठीतून एकेक पायरी दाखवतं. घरखर्चाचा तक्ता मांडण्यापासून सुरुवात करा.

मेथी निवडताना डोळ्यांना नव्हे, कानांना काही हवं असतं. मग 'दरबार फेस्टिव्हल' लावा. हा आपल्या अभिजात संगीताचा महोत्सव २००६ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला, आणि त्यांची ध्वनिमुद्रणं फार सुरेख असतात. जुनं हवं तर 'प्रसार भारती अर्काइव्ह्ज'. हसायला 'भाडिपा', तिथली 'आई, मी आणि...' पाहताना आई आपल्याच घरातली वाटते. कोकणची हिरवाई हवी तर सिंधुदुर्गातल्या प्रसाद गावडे यांचं 'कोकणी रानमाणूस'. शेती असेल त्यांनी पाणी फाउंडेशनचं चॅनल घरातल्या पुरुषांसह पाहावं.

आवडलेलं चॅनल 'सबस्क्राइब' करून ठेवा. दर वेळी शोधत बसावं लागत नाही, आणि त्याला पैसे लागत नाहीत. लांब चित्रफीत दिसली की 'नंतर पाहा' या यादीत टाका. बोलणं भरभर वाटलं तर वेग कमी करता येतो, विणकामाच्या चित्रफितींना तर हवाच. आणि एक संपली की दुसरी आपोआप सुरू होते ना, ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका. बटण इवलंसं आहे, सापडलं नाही तर घरातल्या कुठल्याही दहा वर्षांच्या मुलाला विचारा.